बसलं की दुखतं: प्युडेंडल नसेच्या दुखण्यासोबत दिवस कसा काढायचा

खुर्चीत बसलं की आग होते. उभं राहिलं की कमी होते, आडवं झालं की जवळजवळ थांबते. आणि कमोडवर बसल्यावर मात्र खुर्चीइतकं दुखत नाही. तुमचं असं होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

इतकं साधं वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारायला मला दोन वर्षं लागली. बँकेत काउंटरची नोकरी, दिवसाचे सात तास खुर्चीत. प्रत्येक दवाखान्यात मी फक्त ‘खाली दुखतंय’ म्हणायचे, आणि त्या ‘खाली’चा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला. मूळव्याधीची मलमं झाली, लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्यांचे कोर्स झाले, कंबरेचा एमआरआय झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी ‘मनाला लावून घेऊ नका’ असं सांगितलं, आणि त्या दिवशी मी रिक्षात बसूच शकले नाही, घरी चालत आले.

चूक त्यांची होती तशी माझीही होती. मी जागा सांगितलीच नव्हती.

दुखतं ते नेमकं काय

माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असतं, त्यातून निघणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जातंतूंच्या जोडीपासून प्युडेंडल नस बनते. डावीकडे एक, उजवीकडे एक. ही नस ओटीपोटातून मागे बाहेर येते, दोन चिवट अस्थिबंधांच्या मधून वळते आणि पुन्हा आत शिरून एका अरुंद बोगद्यातून पुढे जाते. या बोगद्याला अल्कॉकचा कालवा म्हणतात. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे नसेच्या तीन फांद्या होतात: एक गुदद्वाराकडे, एक गुदद्वार आणि जननेंद्रियामधल्या भागाकडे, आणि एक बाईच्या क्लिटोरिसकडे किंवा पुरुषाच्या लिंगाकडे. म्हणून या तिन्हीपैकी कुठेही आग, टोचणं, करंट लागल्यासारखं वाटणं किंवा ‘आत काहीतरी अडकलंय’ ही भावना होऊ शकते.

नस त्या अस्थिबंधांच्या मध्ये किंवा बोगद्यात दाबली, ओढली किंवा चिडली की दुखणं सुरू होतं. कारणं अनेक असतात. अवघड बाळंतपण, माकडहाडावर पडणं, वर्षानुवर्षांचं सायकल चालवणं, बद्धकोष्ठात रोज कुंथणं, ओटीपोटाची एखादी शस्त्रक्रिया, नाहीतर नुसतं तासन्‌तास बसणं. त्या भागात नागीण उठून गेली असेल तर तिच्यामागे राहिलेलं दुखणंही असंच असतं. काही जणांना कारण सापडतच नाही, आणि उपचार त्यावाचून अडतही नाहीत.

दुखणं महिनोन्‌महिने चाललं की मज्जासंस्था जास्त हळवी होते. मग कपड्याची शिवणही टोचते. दुखण्याचा आवाज मेंदूत वाढवून ठेवलेला असतो, म्हणून फक्त नसेवर नाही, सगळ्या दिवसावर काम करावं लागतं.

थांबायचं नाही अशी लक्षणं

पुढचं काहीही असेल तर वाचणं सोडा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं. कण्याच्या शेवटच्या टोकाच्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही खूण असते आणि तिथे तासांचा हिशोब असतो. ताप, रक्त पडणं, हाताला लागणारी गाठ, कारण नसताना उतरणारं वजन, किंवा झोपेतून रोज उठवणारं दुखणं असेल तर आठवड्याच्या आत दाखवा. प्युडेंडलचं दुखणं सहसा माणसाला झोपेतून उठवत नाही. ते उठवत असेल तर दुसरं काही नाही ना, हे आधी बघायला हवं.

पहिलं काम: कागद आणि पेन

उताणं झोपून वरून बघितल्यासारखं एक वर्तुळ काढा. पुढचं जांघेमधलं हाड म्हणजे १२ वाजलेले, माकडहाड म्हणजे ६. आपली डावी-उजवी बाजू लिहून ठेवा. जिथे दुखतं तिथे रंग भरा. आग असेल तिथे लाल, ठणका तिथे निळा, बधिर तिथे रेघा. लाज वाटते हे मला माहीत आहे. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या म्हणून मी तो कागद वहीत लपवून काढला. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर नुसता तो कागद ठेवला, तोंडाने एक शब्द बोलावा लागला नाही, आणि पहिल्यांदा कुणीतरी योग्य प्रश्न विचारले.

त्याच कागदाच्या मागे चार ओळी लिहा. बसल्यावर किती मिनिटांनी सुरू होतं. कशाने कमी होतं. शौचानंतर, लघवीनंतर, शरीरसंबंधानंतर काय होतं. आतापर्यंत कोणती औषधं किती दिवस घेतली.

फ्रान्समधल्या नांत शहराच्या नावाने ओळखले जाणारे पाच निकष डॉक्टर वापरतात. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुखणं या नसेच्या हद्दीत असणं, बसल्यावर वाढणं, रात्री झोपेतून न उठवणं, तपासणीत स्पर्शाची जाणीव गेलेली नसणं, आणि नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दुखणं थांबणं. एमआरआय काढतात तो मुख्यतः गाठ, सिस्ट, मणक्याची चकती असं काही नाही ना हे पाहायला. तो नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं, असा अर्थ होत नाही.

दाखवायचं कुणाला? बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञ, पुरुषांनी युरोलॉजिस्ट इथून सुरुवात करावी; पण ‘आमच्या भागात काही नाही’ असं उत्तर आलं की पेन क्लिनिक, म्हणजे दुखण्यावरच उपचार करणारा विभाग, विचारा. तिथले डॉक्टर सहसा भूलतज्ज्ञ असतात आणि मोठ्या शहरांतल्या बऱ्याच रुग्णालयांत त्यांची ओपीडी असते. दुसरी व्यक्ती म्हणजे पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट. माझा निम्मा आराम तिच्यामुळे आहे.

पुरुषांसाठी वेगळं सांगते, कारण माझ्या चुलतभावाने हे भोगलं. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘धातू जाणं’ असं रंगवलेलं असतं, तिकडे जाऊ नका. हे दुखणं हस्तमैथुनाने येत नाही, आणि त्याची दुसऱ्याला लागण होत नाही. आणि लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, जंतू नसताना प्रोस्टेटच्या नावाने पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक लिहून दिलं जात असेल, तर ‘जंतू सापडलेत का?’ असं थेट विचारा.

बसण्याचा हिशोब

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण रोजचं नुकसान इथेच होतं.

तीन दिवस मोबाइलवर टायमर लावून बघा: नेहमीच्या खुर्चीत बसल्यावर कितव्या मिनिटाला दुखायला लागतं? समजा वीस. मग तुमचं बसणं बारा-तेरा मिनिटांचं. दुखायला लागण्याआधी उठायचं, दुखल्यावर नाही. ‘एवढी फाईल संपवते आणि उठते’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की त्याचा हिशोब नाही, आणि दर वेळी संध्याकाळ त्यात गेली. दोन-तीन मिनिटं चाला, मग पुन्हा बसा. आठवडा शांत गेला तर एक-दोन मिनिटं वाढवा. दोन दिवस त्रास झाला तर मागे या.

ऑफिसात उभं राहून काम करण्यासाठी महागडं टेबल लागत नाही. मी कॉम्प्युटरखाली झेरॉक्सच्या कागदाची दोन बंद खोकी ठेवली. वरिष्ठांना डॉक्टरांचं पत्र द्या आणि त्यात ‘सलग बसू नये’ एवढंच असू द्या, जागेचं नाव तिथे सांगायची गरज नाही.

आता उशी. मूळव्याधीसाठी मिळते ती गोल रिंग बहुतेकांना उपयोगी पडत नाही. मऊ असते, खचते आणि मधला भाग ताणते. आपल्याला वजन दोन बाजूंच्या बसायच्या हाडांवर हवं आणि मधली जागा मोकळी हवी. ती हाडं शोधायला पाटावर बसा आणि तळवे उताणे करून खाली घाला. बोटांना टोचतात ती दोन टोकं तीच.

पैसे खर्च करण्याआधी दोन जाड टॉवेल घट्ट गुंडाळून दोन मांड्यांखाली समांतर ठेवा, मध्ये चार बोटं जागा सोडा. त्यावर दहा मिनिटं बरं वाटलं तर गादीवाल्याकडे जा. मी ४० डेन्सिटीचा तीन इंच जाड फोम घेतला, १६ बाय १८ इंचांचा, आणि त्याला मधून पुढून मागपर्यंत साडेतीन इंच रुंद पट्टा कापायला सांगितला, मागे दोन इंच जोड ठेवून, म्हणजे दोन तुकडे सुटत नाहीत. गादीवाले काका म्हणाले, ‘ताई, चांगला फोम कशाला चिरताय?’ मी कार्डबोर्डचा साचा पुढे केला आणि म्हटलं, ‘काका, एवढंच कापा, बाकी माझं मी बघते.’ खोळ शिवून घेतली, तिला कापडी मूठ लावली. आता ती पिशवीसारखी हातात असते, लग्नात, थिएटरात, देवळात. दाबून बघा: बसल्यावर तळ हार्ड खुर्चीला टेकत असेल तर फोम पातळ पडतोय.

जमिनीवर मांडी घालून बसणं काहींना सोसतं, काहींना अजिबात नाही. सत्यनारायणाच्या पाटावर दोन तास बसायचंच असं नाही. मी भटजींना आधीच सांगते की मधेमधे उठेन, आणि आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पंगतीत बसण्याऐवजी वाढायला उभं राहते. जिलबीची परात माझ्याकडे असते.

दुचाकी शक्य तितकी टाळा, सायकल तर पूर्ण बंद. लोकलमध्ये उभं राहणं आपल्या बाजूचं आहे. एसटीत चाकांवरच्या सीटला धक्के फार बसतात, मधली जागा बघा. लांबच्या प्रवासाला स्लीपर बस किंवा रेल्वेचा बर्थ, कुशीवर झोपून.

शौच आणि लघवी

कुंथणं म्हणजे या नसेला रोज ओढणं. इसबगोल रात्री भरपूर पाण्याबरोबर घ्या. पाणी कमी पडलं तर उलट जास्त अडकतं. कमोडवर पायाखाली सात-आठ इंचांचं स्टूल किंवा दोन विटा ठेवा, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे वाका, आणि श्वास कोंडण्याऐवजी लांब ‘हाऽऽ’ करत सोडा. देशी संडासात पोट सहज साफ होतं, पण तिथे फार वेळ उकिडवं बसलं की नस ताणली जाते. मोबाइल बाहेर ठेवा, पाच मिनिटांत उठा.

सार्वजनिक संडासात अधांतरी बसून लघवी करायची सवय आपल्या बायकांना असते. त्यात खालचे सगळे स्नायू आवळलेले राहतात. सीटवर कागद टाका आणि बसा. ‘बाहेर पडतेय तर जाऊन येते’ म्हणून दर अर्ध्या तासाला जाणंही हळूहळू सोडा.

आवळलेलं सोडायला शिकणं

फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘ताई, रागात दात आवळतो आपण, तसं तुम्ही खाली आवळून बसलाय. कळतंय का?’ मला कळत नव्हतं. दुखतं म्हणून शरीर तिथे आवळतं, आवळलं की नस अजून दबते. म्हणून इंटरनेटवर सगळीकडे दिसणारे कीगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आधी सोडायला शिकायचं असतं.

तिने शिकवलं ते असं. जमिनीवर चटई टाकून उताणे व्हा, पोटऱ्या खुर्चीच्या किंवा कॉटच्या कडेवर ठेवा, म्हणजे मांड्या आणि कंबर सैल पडतील. एक हात छातीवर, एक बेंबीखाली. नाकाने श्वास घ्या, खालचा हात वर यायला हवा, वरचा जागीच राहायला हवा. श्वास आत जाताना बसायची दोन हाडं एकमेकांपासून हलकेच लांब जातायत असं मनात आणा. मग श्वास सोडा, काही आवळू नका, ढकलू नका. लघवी सुरू व्हायच्या क्षणी आत जे सुटतं तेवढंच हवं असतं. पहिले आठ दिवस मला काहीच जाणवलं नाही, नवव्या की दहाव्या दिवशी आत काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि मी रडले. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. जबडाही बघत राहा, तो आवळला की खालचंही आवळतं.

फिजिओथेरपिस्टच्या तपासणीत हातमोजा घालून योनीमार्ग किंवा गुदद्वारातून स्नायू तपासतात. आधी सांगून, तुमची परवानगी घेऊनच हे व्हायला हवं, आणि कुठल्याही क्षणी ‘थांबा’ म्हणता येतं. नको असेल तर बाहेरून काम करा, तेवढ्यानेही सुरुवात होते.

चालणं चांगलं, सपाट जागी. पोहणं जमत असेल तर बघा. खोल बैठका, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) आणि मांडीच्या मागच्या शिरा ओढणारे ताण काही महिने बाजूला ठेवा.

गोळ्या

साध्या वेदनाशामकांचा नसेच्या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, आणि महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंडाचं नुकसान मात्र होतं. यासाठी दिली जातात ती औषधं वेगळी. ॲमिट्रिप्टिलिन सहसा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. गॅबापेंटिन, प्रिगाबालिन, ड्युलॉक्सेटिन ही इतर. पावतीवर ‘नैराश्यावरचं औषध’ दिसलं म्हणून घाबरू नका, इथे ते नसांसाठी दिलेलं असतं. असर दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी सोडू नका.

ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि बद्धकोष्ठ होतं, जे आपल्याला अजिबात परवडत नाही; तेव्हा इसबगोल पहिल्या दिवसापासून. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, वाढलेलं प्रोस्टेट असेल तर आधी सांगा. प्रिगाबालिनने गरगरतं, पायांवर सूज येते, वजन वाढतं. ते एकदम बंद करायचं नसतं, आणि दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही सांगा.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

एवढ्यावर भागलं नाही तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत नसेजवळ भुलीचं औषध, कधी सोबत स्टेरॉइड देतात. याने निदानही होतं. म्हणून इंजेक्शननंतरचे पहिले काही तास झोपून काढू नका. ज्या खुर्चीत त्रास होतो तिच्यात बसा आणि दर अर्ध्या तासाला दुखण्याला शून्य ते दहा आकडा लिहा. हा कागद डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडतो, आणि तो लिहायला सहसा कुणी सांगत नाही. पाय काही वेळ जड होऊ शकतो, सोबत कुणाला तरी न्या, स्वतः गाडी चालवू नका. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, रोज तपासा.

नस मोकळी करायची शस्त्रक्रिया हा शेवटचा दरवाजा. नांतच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटात बरे वाटणारे स्पष्टपणे जास्त होते. पण नस हळू सुधारते, फरक कळायला सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात, आणि सगळ्यांना गुण येत नाही. ही शस्त्रक्रिया आधी किती केल्यात, हे सर्जनना विचारायला लाजू नका.

घरात बोलणं

जोडीदाराला तो रंग भरलेला कागद दाखवा. ‘मला नको आहेस’ आणि ‘मला दुखतंय’ यातला फरक न बोलता कळत नाही. आमच्या घरी त्यात जवळजवळ वर्ष गेलं. कुशीवर झोपून, घाई न करता, पाण्यावर आधारित वंगण वापरून बघा, दुखलं की थांबायचं हे आधीच ठरवून ठेवा. काही महिने संबंध नकोच असतील तर तसं स्पष्ट सांगा, जवळ झोपणं त्यासाठी थांबवायला नको.

वाईट दिवसाचा कागद

चांगल्या दिवशी लिहून फ्रिजवर लावा, कारण वाईट दिवशी काही सुचत नाही. माझ्या कागदावर असं आहे: आज बसणं बंद, फक्त आडवं नाहीतर उभं. बर्फाची पिशवी कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं, किंवा ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, ज्याने बरं वाटेल ते. टबात बसून शेक नाही, कारण तेही बसणंच. श्वासाचा व्यायाम तीनदा. सैल सुती कपडे. स्वयंपाक खिचडीचा, भाजी निवडायला मुलगा. बहिणीला फोन. त्याखाली जाड अक्षरात १४४१६, हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर, तिथे मराठीत बोलता येतं. ‘हे असं जगून काय करायचं’ हा विचार मला दोनदा आला होता, आणि वर्षानुवर्षं दुखत असलेल्या बऱ्याच जणांना तो येतो. तो आला की कागदावरचं बाकी सगळं सोडून आधी तो फोन.

असा दिवस आला की दोन दिवस नवा व्यायाम सुरू करायचा नाही, औषधाची मात्रा स्वतः वाढवायची नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा उशी, पुन्हा टायमर, नेहमीच्या निम्म्या मिनिटांपासून. माझे सध्या पस्तीस आहेत, म्हणजे त्या दिवशी मी सतरावर उठते.